दोन खेड आणि एक मोटारसायकल

महाराष्ट्रात खेड नावाचे दोन तालुके आहेत. एक पुणे जिल्ह्यातला. त्याच्या मुख्य गावाला हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हे नाव मिळाले, पण तालुका खेडच राहिला. दुसरा आमचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, जगबुडी नदीच्या काठचा. पत्त्यात जिल्हा लिहायचा राहिला की आमचे पार्सल घाटावर फिरून येते, याची इथल्या माणसाला सवय आहे. माझ्याकडे मात्र एक वस्तू अशी आहे, जी रीतसर त्या खेडातून या खेडात आली. ती म्हणजे माझी मोटारसायकल. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, तो पुण्याच्या खेड तालुक्यात, म्हाळुंग्याला. २०१६ च्या डिसेंबरात बाजारात आलेली ३७३ सीसीची डोमिनार ४०० ही तिथली. मी गेली काही वर्षे तीच वापरतो.

चाकणहून निघून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर असे करत कशेडी घाट उतरला की आमचे खेड येते. एका दिवसाचाही रस्ता नाही. पण एवढ्या अंतरात गाडीचे जग बदलते. तिथे पाऊस बेताचा, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. तिथे औद्योगिक वसाहतीचे चौपदरी रस्ते, इथे जांभ्याची तांबडी माती, वळणे, दरडी आणि वर्षानुवर्षे रुंदीकरण चाललेला महामार्ग. त्या खेडात गाडी तयार होते हे खरे. पण ती वापरण्याजोगी होते ती या खेडात, असे म्हणावे इतके तिच्यात पुढे बदलते.

मोटारसायकलींचा इतिहास आपल्याकडे कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. कोणते मॉडेल कधी आले, किती सीसीचे, किती ताकदीचे. मालकाने त्याला पुढे काय काय लावले, काय काढून टाकले आणि ते कोणत्या कारणाने, याची नोंद कुठे नसते. माझ्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. वडिलांच्या राजदूतपासून आजच्या गाडीपर्यंत आमच्या घरातल्या गाड्यांवरून उतरवलेले सामान तिच्यात आहे, आणि त्याखाली गॅरेजची बिले आणि गाड्यांबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिका. या लेखाची मुख्य साधने हीच. ट्रंकेतली एकेक वस्तू बाहेर काढत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गाडीला लावलेली प्रत्येक जादा वस्तू म्हणजे रस्त्याने विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे मालकाने पदरच्या पैशाने दिलेले उत्तर असते. काही उत्तरे बरोबर निघाली. एक चुकले. ते शेवटी सांगतो.

स्पोर्ट्स टूरर म्हणजे काय

आधी गाडीच्या जातीविषयी. शर्यतीची गाडी वेगासाठी असते. तिच्यावर माणूस टाकीवर ओणवा होतो आणि तासाभरात मनगटे दुखू लागतात. लांब प्रवासाची गाडी आरामासाठी असते; ती जड आणि संथ. या दोहोंच्या मधली जात म्हणजे स्पोर्ट्स टूरर: अंग थोडेसे पुढे झुकलेले, वारा अडवायला समोर आवरण, मागे सामानाची सोय, आणि दिवसभर वेगाने जायची तयारी. बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी आणली, तिला या जातीची एक आद्य गाडी मानतात. तिचे पूर्ण आवरण इटलीतल्या पिनिनफारिना या संस्थेच्या वातबोगद्यात घडवले होते. मागे युरोपातले महामार्ग होते, पगारी सुट्टी होती, आणि एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाणारा मध्यमवर्ग होता.

त्याच सुमारास आपल्याकडे मोटारसायकल म्हटले की प्रामुख्याने तीन नावे होती. एस्कॉर्ट्सची राजदूत, मद्रासची बुलेट आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली येझ्दी. तिन्हींची मुळे परदेशी आराखड्यांत होती. राजदूतचे पोलंडच्या एसएचएल गाडीत, बुलेटचे इंग्लंडमध्ये, येझ्दीचे चेकोस्लोव्हाकियात. त्यांवरून हौसेचा प्रवास करणारे होते, पण थोडे. कोकणात मोटारसायकल असायची ती फिरतीच्या नोकरीवाल्याकडे नाही तर व्यापाऱ्याकडे. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचा तो एसटीने. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर आगगाडीनेही. मुंबईहून खेडपर्यंत दोनशेवर किलोमीटर दुचाकीने यायचे, हा विचार माझ्या लहानपणी वेडगळ वाटला असता.

कॅरियर आणि साडीगार्ड

ट्रंकेत तळाशी आहे तो वडिलांच्या राजदूतचा कॅरियर. लोखंडी सळ्यांचा, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला. कंपनीच्या कॅरियरपेक्षा तो वीतभर लांब आहे, कारण त्यावर आंब्याची पेटी आडवी बसायला हवी होती. त्याच्यावरून काय काय गेले याची यादी मला तोंडपाठ आहे: भाताचे बियाणे, खताच्या गोण्या, पिठाचा डबा, सुंभाने बांधलेली कोंबड्यांची टोपली, आणि एकदा कॅरियरला पाठ टेकवून, मागून एकाने धरून बसवलेला तापाने फणफणलेला शेजारी. टूरिंग हा शब्द आमच्याकडे यायच्या कितीतरी आधी माल आणि माणूस एकत्र वाहायचा प्रश्न सुटलेला होता.

दुसरी वस्तू साडीगार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ही जाळी परदेशी पाहुण्याला चमत्कारिक वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढे चाक झाकणारे संरक्षण हवे. नियमाच्या कोरड्या भाषेत साडी हा शब्द नाही. पण एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, तिचा पदर आणि मांडीवरचे मूल डोळ्यांसमोर ठेवूनच तो लिहिलेला आहे, हे वाचताना जाणवते. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन झालेले अपघात आमच्या पिढीने पाहिलेले आहेत.

या जाळीचे पुढे काय झाले, हे मला इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. चाकाशेजारी भक्कम लोखंड मिळाले म्हटल्यावर लोकांनी त्याला पिशवी अडकवली. मग रेक्झिनची दुहेरी बॅग आली, जी सीटवरून दोन्हीकडे लोंबते आणि जाळीमुळे चाकात जात नाही. युरोपात ज्याला पॅनियर म्हणतात, त्या बाजूच्या डब्यांसाठी वेगळी चौकट लावावी लागते. आपल्याकडे ती चौकट कायद्यानेच दिली होती, दुसऱ्या कारणासाठी. म्हणून आज शहरातला हौशी रायडर गाडी घेतल्याघेतल्या साडीगार्ड काढून टाकतो आणि मग पॅनियरसाठी नवी चौकट विकत घेतो, तेव्हा मला हसू येते. मीही तेच केले होते. माझा साडीगार्ड ट्रंकेत आहे तो त्यामुळेच. बायकोने पहिल्याच रविवारी विचारले, “जाळी कुठाय?” आठवड्याभरात ती परत बसली. पुढे गाडीबरोबरची जुनी जाळी गंजली तेव्हा ती इथे आली.

काच

२००३ साली हिरो होंडाने करिझ्मा आणली. २२३ सीसी, टाकीच्या पुढे अर्धे आवरण, वर छोटी काच. २००७ साली बजाजची पल्सर २२० आली, तीही अर्ध्या आवरणाची, पुढे दोन दिवे एकावर एक. जागतिक मापाने या लहान गाड्या. पण मराठी मुलाच्या खिशाला पेलणाऱ्या पहिल्या स्पोर्ट्स टूरर म्हणायच्या तर याच. मुंबई, ठाणे, पुण्यातली आमची मुले यांच्यावर बसून गावी येऊ लागली. भरणे नाक्यावर शनिवारी सकाळी पाठीला सॅक लावलेले, चिखलाने माखलेले तरुण चहा पिताना दिसू लागले ते याच काळात.

ट्रंकेत प्लेक्सिग्लासची एक उंच काच आहे. माझ्या त्या वेळच्या गाडीला मी ती बसवली होती. छोटी काच वारा छातीवरून उचलून नेमका हेल्मेटवर सोडते. उंच काच तो डोक्यावरून काढते आणि खांद्यांचा थकवा कमी होतो. हे उन्हाळ्यात. पावसात काचेवर पाणी थांबते, मागून येणारा उजेड पसरतो, आणि काचेतून पाहायचे की वरून, हे घाटाच्या वळणावर ठरेना. शेवटी मेस्त्रींनी करवतीने ती चार बोटे कापली. “भाऊ, काचेच्या वरनं बघायचं. काचेतनं बघायला ही काय एसटी आहे?” उंची मोजायची पद्धत त्यांनी सांगितली, ती मी अजून इतरांना सांगतो: नेहमीसारखे बसा, समोर वीसेक पावलांवर जमिनीकडे पाहा, नजर काचेच्या कडेच्या वरून जायला हवी.

याच मेस्त्रींनी मला लेगगार्डचेही शिकवले. जाड नळीचा, रुंद, चकचकीत गार्ड दिसायला दमदार. पण तो गाडी पडल्यावर काय करतो, हे त्याच्या जाडीपेक्षा तो कुठे जोडला आहे यावर ठरते. इंजिनाच्या मूळ बोल्टांच्या जागी नीट बसलेला गार्ड मार घेतो, वाकतो आणि गाडी घसरू देतो. फ्रेमला वेल्डिंगने चिकटवलेला गार्ड वाकत नाही. तो मार फ्रेमला देतो, आणि फ्रेम वाकली की गाडी संपली. फार रुंद गार्ड दगडात अडकून गाडीला गरकन फिरवतो. म्हणून त्यांच्याकडे वेल्डिंगचा गार्ड मागायला आलेली मुले रिकाम्या हाताने परत जायची.

चेन

आता देखभालीकडे येतो, कारण गाडी घेणे एका दिवसाचे आणि सांभाळणे रोजचे. आमच्याकडे गाडीचा पहिला शत्रू पाऊस नव्हे. पावसाने भिजवलेली माती. जांभ्याची बारीक तांबडी माती पाण्यात कालवली की पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ती पहिल्यांदा पोचते चेनवर.

जुन्या सर्वसाधारण गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असे. हिरो होंडा सीडी १०० ज्यांनी वापरली त्यांना चेन डोळ्यांनी पाहिल्याचे फारसे आठवणार नाही. कव्हरमधले रबरी बूच काढून ढील बघायची आणि तेल सोडायचे, बस. वेगवान गाड्यांनी हे कव्हर काढले. वजन कमी झाले, चाक दिसायला मोकळे झाले, आणि चेन साफ करायचे काम मालकाच्या गळ्यात पडले. दिखाऊपणाची किंमत म्हणजे दर रविवारची अर्धी सकाळ. भरपाई म्हणून ओ-रिंगची चेन आली. तिच्या प्रत्येक कडीत पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरून ते रबराच्या कड्यांनी बंद केलेले असते. चेनचे आयुष्य आतल्या ग्रीसवर आणि ग्रीसचे आयुष्य रबरावर.

हे कळले नाही म्हणून इथे किती चेन वाया गेल्या असतील! जुन्या सवयीने लोक चेन पेट्रोलने धुवायचे. पेट्रोल रबर बिघडवते. काहीजण लोखंडी ब्रशने घासायचे. रिंगा कापल्या जायच्या. योग्य रीत साधी आहे. रॉकेलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश, मग फडक्याने कोरडे पुसणे, मग गिअरबॉक्सचे नव्वद नंबरचे तेल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने, आणि जादा तेल पुन्हा पुसून काढणे. हे शेवटचे पुसणे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण ओली चिकट चेन माती धरते. पावसाळ्यात हे मी दर तीनचारशे किलोमीटरला करतो. ढील एकाच जागी न बघता चाक फिरवून चार जागी बघतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथलेच माप धरायचे. दातेरी चक्राचे दात एका बाजूला कलून टोकदार दिसू लागले की चेन आणि दोन्ही चक्रे एकदम बदलायची. नुसती चेन बदलली तर जुने चक्र नवी चेन खाते.

बाकीची शिकवणही अशीच, गाडीबरोबरच्या पुस्तिकेत न सापडणारी. पाणी-थंड इंजिनाच्या गाडीचा रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागेच असतो. त्याच्या पातळ पत्र्यांत चिखल वाळला की घाटात पंखा थांबायचे नाव घेत नाही. तो जोराच्या फवाऱ्याने धुतला तर पत्रे दुमडतात. साध्या नळीने मागून पुढे पाणी सोडायचे. सर्व्हिसिंगच्या दाबाच्या पाण्याची नळी चाकांच्या आणि हँडलच्या बेअरिंगवर धरू द्यायची नाही. एबीएसच्या दातेरी चकतीवर आणि सेन्सरवर चिखल साचला की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि माणूस घाबरून शोरूम गाठतो. पुष्कळदा ओले फडके पुरते. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. आणि पडवीत चार महिने उभ्या असलेल्या गाडीची कोकणातली खास दोन दुखणी: उंदीर आणि कुंभारीण माशी. उंदराला वायरीचे आवरण आवडते आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करायला आवडते. कुंभारीण मातीचे घर बांधते ते किल्लीच्या भोकात नाही तर पाणी निथळायच्या बारीक नळीत. जूनमध्ये किल्ली फिरत नाही म्हणून कुलूप फोडणाऱ्याने आधी टाचणी घालून पाहावे.

दोरी आणि डबे

२०१९ साली डोमिनारची सुधारित आवृत्ती आली. ताकद ३५ वरून ४० पीएस झाली, पुढचे सस्पेन्शन बदलले, याच्या बातम्या सर्वत्र आल्या. मला मात्र एक बारीक गोष्ट दिसली. मागच्या सीटखाली सामान बांधायचे पट्टे कंपनीने लपवून दिले होते. ओढून बाहेर काढायचे, सामान आवळायचे, काम झाले की आत. ट्रंकेतल्या सुंभाच्या वेटोळ्याकडे पाहून मी म्हटले, अखेर कारखान्याला दोरी आठवली.

दोन वर्षांनी, २०२१ च्या ऑक्टोबरात, बजाजने डोमिनार ४०० कारखान्यातूनच टूरिंगच्या सामानासह द्यायला सुरुवात केली. उंच काच, हातांपुढे वारा अडवणारे हँडगार्ड, इंजिनाचा गार्ड, पोटाखाली दगडाचा मार झेलणारा पत्रा, पाठ टेकायच्या सोयीसह कॅरियर, बाजूच्या बॅगांसाठी चौकट, मोबाइल चार्ज करायची जागा. ही यादी मी माझ्या ट्रंकेशेजारी ठेवून वाचली. वडिलांचा लांब कॅरियर, माझी कापलेली काच, मेस्त्रींचा बोल्टवर बसणारा गार्ड, साडीगार्डवरची बॅग: जवळजवळ प्रत्येक ओळीचा पूर्वज ट्रंकेत होता.

या खेडाने त्या खेडाला शिकवले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. देशभरातल्या गॅरेजांनी, लडाखला जाणाऱ्यांनी आणि परदेशी कंपन्यांच्या रिवाजाने मिळून ही यादी घडवली आहे. पण एक बदल निश्चित झाला. जे गावातल्या वेल्डिंगवाल्याने एकेका मालकाच्या अडचणीसाठी केले, ते आता चाचणी होऊन, मापात, गाडीच्या किमतीत येते. कंपनीच्या चौकटीचे वजन, बोल्ट आणि कंपने तपासलेली असतात. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मालकाने परस्पर फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. त्यामुळे कारखान्यातून आलेले सामान कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आल्यावर इंजिनाची नाडी संगणकाकडे गेली. मेस्त्रींच्या कानाऐवजी स्कॅनर दोष सांगतो. मेस्त्रींचे गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो आणि मुख्यतः टायर आणि चेनची कामे करतो. मला याचे वाईट वाटते, पण खोटे उसासे टाकायचे नाहीत. वेल्डिंगच्या गार्डने फ्रेम वाकलेल्या गाड्याही मी त्याच अंगणात पाहिल्या आहेत.

दिवे

ट्रंकेत सर्वांत वर, जाड कापडात गुंडाळलेले दोन दिवे आहेत. जादा एलईडी. बाजारातून आणून गार्डवर बसवलेले.

ते बसवायचे कारण रस्ता होता. आमच्या भागातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा, आताचा ६६, ज्यांनी पावसात आणि रात्री पाहिला आहे त्यांना वर्णन नको. २०१३ च्या १९ मार्चला पहाटे गोव्याहून मुंबईला जाणारी खासगी बस इथेच, खेडजवळच्या जुन्या पुलावरून जगबुडीत कोसळली आणि ३७ माणसे गेली. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि अंधारात एसटीच्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. त्या काळात या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच होते: पुढचे दिसले पाहिजे. पूल आहे की नाही, खड्डा आहे की पाणी, दिसले पाहिजे. रस्ता दिवा देत नाही, तर मी माझा आणतो. मी आणला. वायर सोलून न जोडता, रिले आणि फ्यूज घालून, अगदी शास्त्रशुद्ध. त्याचा मला अभिमान होता.

ऑगस्टमधली रात्र होती. कशेडी चढताना वर धुके उतरले. धुक्यात पांढरा उजेड पाण्याच्या कणांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो, हे मला माहीत होते. दिवे खाली वळवायला हवे होते, किंवा बंदच करायला. मी केले नाहीत. वळणावरून एक स्कूटर उतरत होती. तिच्यावर नवराबायको. माझ्या उजेडात ती क्षणभर पांढरी झाली आणि डावीकडच्या गटारात गेली. मी थांबलो, धावलो. नशीब थोर, गटार उथळ होते. त्यांच्या नडगीला मार, बाईंचा कोपर सोललेला, पदर चिखलात. त्यांच्या स्कूटरला साडीगार्ड होता आणि पदर चाकापासून लांब राहिला होता. तो गृहस्थ रागावला असता तर बरे झाले असते. तो शांतपणे म्हणाला, “दादा, तुम्हाला रस्ता दिसत होता. मला ना रस्ता दिसला, ना तुम्ही.”

त्यांना पोलादपूरला नेऊन मलमपट्टी केली, घरी पोचवले. दुसऱ्या दिवशी दिवे उतरवले.

तेव्हापासून ट्रंकेतल्या सामानाचे मी दोन वाटे करतो. कॅरियर, साडीगार्ड, नीट बसलेला गार्ड, साफ चेन: ही उत्तरे माझा आणि माझ्या मागे बसणाऱ्याचा धोका कमी करतात आणि समोरच्याला काही करत नाहीत. दिव्याने माझा धोका कमी केला तो उचलून समोरच्याच्या अंगावर टाकला. कर्कश हॉर्न आणि सायलेन्सर याच वाट्यातले. आपण ॲक्सेसरीजना हौस म्हणतो. खरे तर त्यातली निम्मी यादी म्हणजे रस्त्याने न केलेले काम आहे, जे ज्याने त्याने आपल्या हँडलवर बांधून घेतले. ज्याला ते परवडत नाही, तो स्कूटरवर, मिणमिणत्या दिव्यावर, त्याच घाटातून जातो. इतिहास लिहिताना माझ्या डोमिनारची नोंद राहील. त्या स्कूटरची कोण करणार, म्हणून इथे केली.

२०२३ च्या गणपतीआधी कशेडीचा एक बोगदा हलक्या वाहनांसाठी खुला झाला. सुमारे दोन किलोमीटरचा. तेवढ्या टप्प्यात ती वळणे नाहीत आणि ते धुके नाही. पहिल्यांदा त्यातून गेलो तेव्हा गाडीचा मूळचाच दिवा पुरेसा वाटला. बाहेर पडल्यावर थांबून मागे पाहिले. बोगद्याच्या तोंडातून दुचाक्या एकामागून एक येत होत्या, कॅरियरवर पिशव्या, पुढे मुलगा, मागे आई. आवळलेले सामान बहुतेकांचे साध्या दोरीचेच होते.

राजदूतचा कॅरियर आता मी माळ्यावरून काढून भिंतीवर टांगला आहे. दिवे ट्रंकेतच राहतील. चाकणच्या एखाद्या गाडीचा नवा मालक ॲक्सेसरीजविषयी विचारायला आला की मी आधी त्याला ती ट्रंक उघडून दाखवतो, आणि मग चेन साफ करायचा ब्रश देतो.